नानांचा जंतू

६ ऑक्टोबर

आज ऋजूने मला नानांना मारणारा जंतू दाखवला. एरवी तो कॉलेजच्या फ्रीझरमध्ये उणे ऐंशी अंशांवर एका नळीत निजून असतो. कामापुरता बाहेर काढून ती त्याला काचेच्या बशीत वाढवते. पांढुरका, ओलसर, दुधावर नुकती साय धरावी तसा दिसतो. माझी अपेक्षा काहीतरी भयंकर दिसेल अशी होती. इतका सभ्य चेहरा बघून जास्त संताप आला.

नाना मार्चमध्ये न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन यशस्वी झालं, तसं आम्हाला लेखी मिळालेलं आहे. मग जखम चिघळली. लॅबच्या कागदावर एकाखाली एक अँटिबायोटिकांची नावं होती आणि प्रत्येकापुढे इंग्रजी आर. म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे जंतू या औषधाला भीक घालत नाही. नानांनी जन्मभर गिरणीत टाइमकीपरचं काम केलेलं. कागद बघून म्हणाले, इतके कामचोर माझ्या हजेरीपटावर कधी नव्हते. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत.

नाना गेले आणि जंतू राहिला. माझी धाकटी बहीण ऋजुता सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिने तो रुग्णालयाच्या लॅबकडून रीतसर अर्ज करून मागून घेतला. लोक वडिलांचं घड्याळ मागतात. आता ती शहरभरची माती आणते, तिच्यातले बॅक्टेरिया वेगळे करते आणि यांतला कोण नानांच्या जंतूला मारतो ते बघते. ती म्हणते, आजवरची कितीतरी अँटिबायोटिकं मातीतल्या बॅक्टेरियांकडूनच घेतलेली आहेत. ते तिथे एकमेकांशी मरेस्तोवर भांडत असतात. आपण फक्त त्यांची हत्यारं उचलायची.

मी म्हटलं, संस्कृतात जंतू म्हणजे नुसता जन्मलेला, त्या हिशेबाने आपण दोघंही जंतूच.

"दादा, तू पिशवी धर," ती म्हणाली.

पाठशाळेतून शास्त्री होऊन बाहेर पडलो, पुढे महाराष्ट्रातल्या एका दैनिकाचा इंदूरचा वार्ताहर झालो आणि आता छप्पन्नाव्या वर्षी मातीची पिशवी धरतो.

११ ऑक्टोबर

ऋजूला तास होते, म्हणून आज एकटाच गेलो. पोलोग्राउंडला एक बंद पडलेला रंगाचा कारखाना आहे. त्याच्या मागच्या भिंतीशी अरुंद मोकळी जागा आहे. समोरचा चहावाला वर्षानुवर्षं उकळून झालेली पत्ती तिथे टाकत आला आहे. खाली काळीशार, भुसभुशीत माती तयार झाली आहे. अशी जागा दिसली की ऋजूचे डोळे चमकतात. इतर बायकांचे सराफ्यात चमकतात म्हणे. आमच्या घरात तसा अनुभव नाही.

चौकीदार दुरून बघत होता. छप्पन्न वर्षांचा चष्मेवाला माणूस भिंतीशी उकिडवा बसला की बघणारा काय समजतो हे सांगायला नको. घाईघाईने दोन चमचे माती घेऊन उठलो. ऋजू चिडली. एवढीशी का आणलीस, किलोभर आण म्हटलं होतं ना. मी म्हटलं, जागा कुठे पळून जाते आहे?

२ नोव्हेंबर

आज रविवार असूनही ऋजूने कॉलेजात बोलावलं. दिवाळीच्या सुट्टीतही ती तिथेच होती. आमच्याकडच्या चकल्या तिने लॅबच्या व्हरांड्यात उभ्याने खाल्ल्या.

बशीभर नानांचा जंतू पसरलेला आणि मधोमध पोलोग्राउंडच्या बॅक्टेरियाचा खडूच्या पुडीसारखा पांढरा ठिपका. त्या ठिपक्याभोवती एक स्वच्छ, गोल, रिकामं कडं होतं. कड्याच्या आत नानांचा जंतू नाही. एकही नाही.

मी ती बशी किती वेळ हातात धरून उभा होतो कोण जाणे. जो कागद नानांनी वाचला त्यावरचं प्रत्येक औषध या सायीपुढे हरलेलं, आणि चहाच्या पत्तीतला एक फुकटा प्राणी तिला मागे रेटतो. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. ही माती मार्चमध्येही तिथेच होती. रुग्णालयातून पायी जाता येईल इतक्या अंतरावर.

ऋजू म्हणाली, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. हाच बॅक्टेरिया पुन्हापुन्हा वाढवून दर वेळी कडं आलं पाहिजे. मग पुण्याची एक मोठी लॅब त्यातलं रसायन वेगळं काढून बघायला तयार आहे. तोवर कुणाकडे बोलायचं नाही.

"छापू नकोस, दादा. आणि जागा तर मुळीच नको."

५ नोव्हेंबर

छापू नकोस हे बायका संकोचाने म्हणतात. नाना गेले तेव्हा आमच्याच दैनिकात त्यांची बातमी चार ओळींची आली होती, तीही आडनाव चुकवून. ज्या शहराच्या मातीत त्यांच्या मारेकऱ्याचा काळ सापडला त्या शहराला ते कळायला नको?

ऋजूच्या सूचनेचा मान ठेवला आहे. तिचं नाव, कॉलेजचं नाव, दोन्ही गाळलं. जागा ठेवली. जागेशिवाय बातमी म्हणजे कीर्तन. "पोलोग्राउंडच्या बंद रंगकारखान्यामागील मृत्तिकेत" असं लिहिलं. प्रमोदिनीने वाचून विचारलं, ऋजुताताईंना दाखवलंत का? मी म्हटलं, सरप्राइज आहे.

ती पुन्हा एकदा माझ्याकडे बघून पोळ्या लाटायला गेली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने एक विशिष्ट तऱ्हेचं बघणं विकसित केलं आहे. त्याला उत्तर द्यायचं नसतं.

८ नोव्हेंबर

आली. सातव्या पानावर, पण चौकटीत. ऋजू फोनवर एवढंच म्हणाली, तास आहे. तिला भरून आलं असावं.

पोह्यांच्या ठेल्यावर विपुल भेटला. हिंदी दैनिकात आहे, मला शास्त्रीजी म्हणतो आणि माझ्या पैशाने जलेबी खातो. म्हणाला, शास्त्रीजी, मराठीत चारशे लोक वाचतील, हिंदीत अख्खं शहर वाचेल, अपने को भी दे दो. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून तिथल्या तिथे उभ्याने हिंदीत सांगितली. त्याने मोबाइलवर टिपून घेतली. जागा दोनदा विचारून घेतली. पक्का बातमीदार.

१० नोव्हेंबर

विपुलच्या दैनिकाच्या उपसंपादकाला माझ्यासमोर उभं करा. मी त्याला पाठशाळेतल्या जुन्या पद्धतीने, कान धरून, शिकवीन.

मी सांगितलं होतं, घातक जंतूला मारणारा बॅक्टेरिया सापडला. त्याने मथळा लावला, "पोलोग्राउंड की मिट्टी में मिला घातक बैक्टीरिया". मधले शब्द जागेअभावी कापले म्हणे. विपुलला फोन करून झाडला. तो म्हणाला, शास्त्रीजी, अंदर तो पूरा लिखा है, कोई पढ़ेगा तो समझ जाएगा.

कोई पढ़ेगा तो. या तीन शब्दांवर देशाची पत्रकारिता उभी आहे.

२४ नोव्हेंबर

वाईट दिवस.

कडं येत नाही. पोलोग्राउंडचा बॅक्टेरिया छान वाढतो आहे, गुबगुबीत दिसतो आहे, पण नानांचा जंतू त्याला खेटून आरामात बसला आहे. ऋजूने फ्रीझरमध्ये ठेवलेली नळी काढली. तिच्यातलेही तसेच निघाले, साठवण्याआधीच विसरलेले. या जातीत असं होतं म्हणे. बशीत आयतं खायला मिळालं, शेजारी शत्रू नाही, की दोन-चार पिढ्यांत हत्यार बनवणं सोडून देतात. मी म्हटलं, हे मी आपल्या बऱ्याच नातेवाइकांत पाहिलं आहे. ती हसली नाही.

उपाय एकच आहे. मूळ मातीत अजून न विसरलेले असतील. पुन्हा तिथून माती आणायची, या खेपेला भरपूर, आणि पहिल्याच पिढीत साठवायचं. मी आणलेली दोन चमचे माती केव्हाच संपली.

उद्या तिला सुट्टी आहे. बरोबर जाऊ.

२५ नोव्हेंबर

निळ्या शाईचा डाग पडला, पडू दे.

माती नाही. म्हणजे जागा आहे, माती नाही. कारखान्यामागची ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल-पिवळ्या पेव्हर ब्लॉकने मढवली आहे. भिंत निळ्या रंगाने रंगवली आहे. तिच्यावर दात विचकणारा हिरवा जंतू काढला आहे आणि त्याच्यावर तांबडी फुली. चहावाल्याला पत्ती टाकायला झाकणाचा डबा दिला आहे. सगळीकडे ब्लीचिंग पावडरचा वास.

आम्ही उभे राहिलो तेवढ्यात रजत भिया, म्हणजे इंदुरी बोलीत रजत भैया, आले. पलीकडे पत्र्याचे डबे बनवण्याचा त्यांचा कारखाना आहे आणि तिथल्या कारखानदारांच्या परिसर स्वच्छता समितीचे ते अध्यक्ष आहेत. वय पस्तिशीचं, कपाळावर टिळा, हातात दोन मोबाइल. मी वार्ताहर आहे कळल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. पेपरमध्ये वाचलं त्याच संध्याकाळी समितीची बैठक झाली. आपल्या भागात घातक बॅक्टेरिया, आणि आपण देशातल्या सगळ्यांत स्वच्छ इंदूरचे? दुसऱ्याच दिवशी जेसीबी लावून वरची दीड हात माती उपसली, चुना टाकला, ब्लीचिंग ओतलं, वर ब्लॉक बसवले. सगळं समितीच्या खर्चाने, कुणाकडे हात न पसरता. बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्यांना थोबाडीत मारणं देवळात थुंकण्यासारखं झालं असतं.

ऋजूकडे वळून ते म्हणाले, "मैडम, आप निश्चिंत रहो. एक भी नहीं छोड़ा."

ऋजूने फक्त विचारलं, उपसलेली माती कुठे गेली. सांवेर रोडला, म्हणाले. तिथे एका गोदामाच्या पायात भरायला दिली.

गाडीवर बसताना ऋजू म्हणाली, "यांना जागा कुणी सांगितली, दादा?"

"विपुलने," मी म्हटलं. "आणि त्या गाढव उपसंपादकाने."

सांवेर रोडला चल, एवढंच ती म्हणाली. एरवी ती माझ्या गाडी चालवण्यावर अखंड बोलत असते.

गोदामाच्या पायात वीसेक ट्रक माती होती. मुरूम, पडक्या बांधकामाचा राडारोडा आणि कुठेतरी आमची. वर रोलर फिरत होता. ऋजू मुकादमाला हात करून सरळ आत उतरली, गुडघ्यांवर बसली आणि काळसर दिसेल तिथून खरवडून पिशव्या भरू लागली. रोलरवाला हॉर्न वाजवत होता. बावन्न वर्षांची प्राध्यापक बाई रोलरपुढे बसून माती खरवडते, हे बघून मला त्या समितीचा, त्या जेसीबीचा, त्या हिरव्या जंतूचा इतका संताप आला की मी रोलरवाल्यावरच ओरडलो. त्या बिचाऱ्याने हॉर्न बंद केला.

२६ नोव्हेंबर

विपुलशी बोलणं बंद. पोहे दुसऱ्या ठेल्यावर.

९ डिसेंबर

सांवेर रोडच्या पिशव्यांतून काही येत नाही. ब्लीचिंगच्या तडाख्यातून वाचलेले असतात काही चिवट, पण त्यांत आपला नाही. ऋजूने पुण्याच्या लॅबला कळवलं, तूर्त माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. हे तिने मला साध्या आवाजात सांगितलं. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

नानांचा जंतू मजेत आहे.

१३ डिसेंबर

रजत भियांचा फोन. येत्या मंगळवारी नव्या ब्लॉकवर मंडप घालून "जागरूक नागरिक" म्हणून सत्कार आहे. माझा. बरोबर मैडमनासुद्धा आणा.

ऋजूला विचारलं. ती म्हणाली, तू जा. मी जाणार आहे. जाणार आणि त्या मंडपात उभं राहून त्यांना सांगणार की त्यांनी काय केलं आहे. कुणीतरी सांगायला हवं. भाषण लिहायला घेतलं आहे. असा त्वेष पाठशाळेतल्या वादसभेनंतर आज पहिल्यांदा आला.

१६ डिसेंबर

झाला सत्कार.

मला आधी शाल घातली, मग नारळ दिला. मग रजत भियांनी एक मोठी चौकट वर धरली. माझी मराठी बातमी आणि विपुलची हिंदी बातमी, शेजारी शेजारी, लॅमिनेट करून. म्हणाले, हमारे इलाके की आँखें किसने खोलीं? इन्होंने. यांनी जागा लिहिली नसती तर आम्हाला काय कळलं असतं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहावालाही वाजवत होता.

मग मी उठलो. राग आला की माझी हिंदी शुद्ध होत जाते, हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "आप महानुभावों ने एक जीवनदायिनी मृत्तिका का समूल उच्छेद किया है।"

टाळ्या.

मी आवाज चढवला. म्हटलं, यह अक्षम्य है. अक्षम्य शब्दावर पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान डोलावली. मी म्हटलं, जिस सूक्ष्म जीव का आपने संहार किया, वही हमारा त्राता था. संहार म्हटल्याबरोबर कुणीतरी मागून "वाह शास्त्रीजी" म्हणालं आणि पुन्हा टाळ्या. जितकं रागाने बोललो तितक्या जोरात वाजल्या. शेवटी रजत भियांनी मला मिठी मारली. म्हणाले, भिया, कसम से, रोंगटे खड़े हो गए.

साध्या भाषेत बोलता आलं असतं. "भिया, तुमने दवाई फेंक दी," इतकंच. ते मला रिक्षात सुचलं.

घरी येऊन सगळं प्रमोदिनीला सांगितलं. उपसंपादक, जेसीबी, टाळ्या, मिठी, एकेकाची नावं घेऊन. तिने शाल घडी करून ठेवली आणि म्हणाली, "सगळ्यांची नावं घेतलीत. एक राहिलं."

मी विचारलं, कुणाचं?

तिने तेच ते बघणं बघितलं. मला इतका राग आला की न जेवता झोपलो.

१७ डिसेंबर

हे इथे लिहावंच लागेल. या वहीला कुणी वाचक नाही आणि मथळाही नाही.

ते मी केलं.

ऋजूला फोन केला. म्हटलं, बोलायचं होतं. ती म्हणाली, "दादा, मला आठ तारखेलाच कळलं होतं. सातव्या पानावर." मग म्हणाली, पेपर तपासायचे आहेत.

तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. पेव्हर ब्लॉक मी बसवले नाहीत, ब्लीचिंग मी ओतलं नाही, असं म्हणायला मी किती उत्तरं तयार ठेवली होती. तिने एकाही उत्तराला प्रश्न दिला नाही.

२८ डिसेंबर

रविवार. ऋजू सकाळी आली आणि प्रमोदिनीला घेऊन कुठेतरी गेली. मला कुणी विचारलं नाही, मीही पेपरातून डोकं वर काढलं नाही. दुपारी परतल्या. दोघींच्या चपला दाराबाहेर होत्या, काळ्या मातीने भरलेल्या. प्रमोदिनीची चप्पल जास्त. सत्तावीस वर्षांत या बाईने कुंडीत तुळससुद्धा माझ्याकडून लावून घेतली आहे.

जेवायला बसण्याआधी दोघी स्वयंपाकघरात होत्या. मी पाणी घ्यायला जात होतो, तेवढ्यात आतून प्रमोदिनीचा आवाज आला, मागच्या आठवड्याचं काय झालं मग? म्हणजे आजची ही पहिली फेरी नव्हे.

"कडं पुसट आहे वहिनी," ऋजू म्हणत होती. "पण आहे. आणि या वेळी पहिल्याच पिढीचं साठवलंय."

मी दारात पोचलो तशा दोघी गप्प झाल्या. ऋजू कोशिंबीर चिरत होती. नखांत माती होती, दोनदा धुऊनही निघाली नसावी. मी विचारलं, "कुठली?"

तिने वर बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी तयार होतो.

"तुला नाही सांगणार, दादा."

माझ्या अंगाची लाही झाली. मी सख्खा भाऊ आहे, नाना माझेही होते, पिशव्या मी धरल्या आहेत, आता शपथ घेऊन सांगतो की एक अक्षर छापणार नाही, हे सगळं तोंडापर्यंत आलं. प्रमोदिनी कढीला फोडणी देत होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोघींच्या मधे एक वाक्य अर्धवट थांबलेलं होतं आणि मी तिथे उभा असेपर्यंत ते पुढे सरकणार नव्हतं.

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो, म्हणजे त्यांना बोलता यावं.